श्रद्धेची कथा आणि अश्रद्धेचें प्रमाण

ईश्वर आहे कीं नाहीं, हा वाद आपल्या देशांत फार जुना आहे. नैयायिक आणि बौद्ध यांनीं तो शतकानुशतकें केला. उदयनाचार्यांनीं तर 'न्यायकुसुमांजलि' हा सबंध ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीं लिहिला. परंतु त्या वादांत प्रतिपक्ष्याचें मत चुकीचें कसें एवढेंच बहुधा पाहिलें जाई; तें मत त्याच्या मनांत शिरलें कोठून, याची चौकशी क्वचितच होई. चार्वाकांनीं पुरोहिताच्या पोटाकडे बोट दाखविलें, तेवढा एक ठळक अपवाद.

आज स्थिति उलट आहे. ईश्वराविषयीं वाद करण्यापेक्षां ईश्वर मानणाऱ्याविषयीं किंवा न मानणाऱ्याविषयीं वाद करणें आम्हां सुशिक्षितांस अधिक रुचतें. आस्तिक म्हणतो, हा चार इंग्रजी बुकें वाचून बहकला आहे. एखादें संकट येऊं द्या, म्हणजे देव आपोआप आठवेल. नास्तिक म्हणतो, हा भित्रा आहे. लहानपणीं जें कानावर पडलें तें तपासून पाहण्याचा धीर याला कधीं झालाच नाहीं. दोघांच्या बोलण्याची तऱ्हा एकच आहे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मताचें कारण सांगतो आणि स्वतःच्या मताचें प्रमाण सांगतो. दुसऱ्याचें मत म्हणजे एक रोग, आणि त्याचें निदान आपण करावयाचें. आपलें मत म्हणजे मात्र निखळ सत्य, त्याला निदान कसलें!

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला, तो सांगून टाकणें बरें. आमच्या वडिलांचें वर्षश्राद्ध आलें, तेव्हां आमच्या चिरंजीवानें त्यांत भाग घेण्याचें नम्रपणें पण स्पष्टपणें नाकारलें. तासभर वाद झाला. आम्हीं त्याच्या शिक्षणास, मित्रमंडळास आणि वयास दोष दिला. त्यानें आमच्या संवयीस आणि लोकलज्जेस दिला. पानें मांडलीं गेलीं म्हणून वाद थांबला. मागाहून ध्यानांत आलें तें हें कीं, त्या तासांत उभयतांनीं एकमेकांविषयीं पुष्कळ सांगितलें होतें, स्वतःविषयीं मात्र कांहींच सांगितलें नव्हतें. आमचा व्यवसाय वाङ्मय शिकविण्याचा; तेव्हां मनुष्यें आपल्या श्रद्धेविषयीं आणि अश्रद्धेविषयीं स्वतः काय सांगतात, हें पाहण्यासाठीं आम्ही पूर्वीं वाचलेलीं कांहीं मराठी पुस्तकें पुन्हां काढून बसलों. त्या वाचनाचा हा निष्कर्ष आहे.

प्रथम शब्दांविषयीं थोडेंसें. 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द आपण आज ज्या अर्थानें वापरतों तो त्यांचा मूळचा अर्थ नव्हे. मनुस्मृतीच्या हिशेबीं नास्तिक तो वेदनिंदक. त्यामुळें जगत्कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीस बसतात, आणि शील, करुणा, पुनर्जन्म हें सर्व मानणारे बौद्ध नास्तिक ठरतात. म्हणजे हे शब्द मुळांत पंक्तीचे आहेत. कोण आपल्यांतला आणि कोण बाहेरचा, एवढें ते सांगतात. आजही त्यांचा हा गुण पुरता गेलेला नाहीं, हें पुढील विवेचनांत लक्षांत ठेवावें.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांतील विनोदाची वाखाणणी सर्वांनीं केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु धर्मांतर कसें घडतें याचा इतका बारकाईचा आणि इतका निर्व्याज वृत्तांत मराठींत दुसरा असेल असें आम्हांस वाटत नाहीं. नारायण वामन टिळक हे विद्वान् कवि. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना 'नवा करार' दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. पुढें पुष्कळ वाचन, विचार आणि पत्रव्यवहार होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मार्ग ग्रंथाचा होता. त्यांच्या पत्नीच्या वांट्याला मात्र हें धर्मांतर आकाशांतून कोसळणाऱ्या कुऱ्हाडीसारखें आलें. ताटातूट झाली, वर्षें लोटलीं, आणि पुन्हां पतीच्या घरीं आल्यावरही त्यांनीं आपली चूल व आपलें पाणी वेगळें ठेविलें.

ही बाई ज्या घरांत वाढली त्या घरांत सोवळें म्हणजे एक वेडच झालें होतें. सत्तावन्नच्या धामधुमींत घरच्या एका वडीलधाऱ्या आप्तास फांशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना धुण्याचें आणि शिवाशिवीचें हें वेड जडलें. त्या वेडाचे चटके खाल्लेल्या मुलीनें त्याचा त्याग कसा केला? कोणी वादांत हरविलें म्हणून नव्हे. पतीनें सक्ति केली म्हणूनही नव्हे. दिवसेंदिवस निराळ्या जातींच्या माणसांत वावरतां वावरतां एके दिवशीं त्यांनीं स्वतःलाच विचारलें कीं, हे भेद देवानें केले कीं माणसानें? उत्तर मिळालें आणि सोवळें गळून पडलें. १९०० सालीं झालेला बाप्तिस्मा ही त्यानंतरची गोष्ट. मनांत जें व्हावयाचें तें तत्पूर्वींच होऊन गेलें होतें. हिंदु धर्म खोटा आणि ख्रिस्ती धर्म खरा, असें एखादें प्रमाण लक्ष्मीबाई वाचकापुढें ठेवीत नाहींत. त्या माणसें दाखवितात, स्वयंपाकघर दाखवितात, आपला हट्ट दाखवितात. वाचक ख्रिस्ती होत नाहीं. परंतु या बाई ख्रिस्ती कां झाल्या, हें त्याला समजतें.

दुसरें पुस्तक धर्मानंद कोसंबी यांचें 'निवेदन'. हें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. गोव्यांतील सांखवाळचा हा तरुण. शाळेचें शिक्षण जेमतेम, घरच्या बागाइताचा व्याप डोक्यावर आणि मनांत एक प्रकारचा विषाद घर करून बसलेला. अशा वेळीं मुलांसाठीं निघणाऱ्या एका मराठी मासिकांत बुद्धाचें चरित्र त्याच्या वाचनांत आलें, आणि येथेंच आपल्याला शांति मिळेल असें त्याच्या मनानें घेतलें. १८९९ सालीं घर सोडलें, पुण्यास डॉ. भांडारकरांच्या आश्रयानें कांहीं काळ काढला. काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृताचें अध्ययन केलें. नेपाळांत गेले तों तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशा पदरीं आली. आणि शेवटीं सिंहलद्वीपास पोंचून १९०२ सालीं त्यांनीं प्रव्रज्या घेतली.

या पुस्तकाची भाषा साधी, किंबहुना रूक्ष आहे. पण त्या रूक्षतेंतच त्याचें मोठेपण आहे. कोसंबींनीं आपल्या विषादाला वैराग्याचें भरजरी वस्त्र नेसविलें नाहीं. मी खिन्न होतों, मला घर नकोसें झालें होतें, आणि बुद्धाचें चरित्र माझ्या हातीं आलें, असा एकंदर हिशेब त्यांनीं वाचकापुढें मांडला आहे. तो वाचून एखादा मानसशास्त्रज्ञ लागलीच म्हणेल, सांपडलें कारण! धर्म म्हणजे खिन्न मनाचें औषध. परंतु तें मासिक महाराष्ट्रांतील आणि गोव्यांतील कित्येक मुलांनीं वाचलें असेल, आणि त्यांतील कित्येक खिन्नही असतील. काशीहून नेपाळास आणि नेपाळाहून सिंहलद्वीपास त्यांतील कोण गेलें? खिन्नतेनें कोसंबी घराबाहेर कां पडले हें कळतें. नेपाळांत निराशा झाल्यावर ते परत कां फिरले नाहींत, हें तिनें कळत नाहीं. आणि ज्या धर्मासाठीं त्यांनीं हें सर्व सोसलें त्यांत जगत्कर्ता ईश्वर नाहींच! देव हवा असतो म्हणून मनुष्य धर्माकडे जातो, या ठोकळ सिद्धांताला 'निवेदन' हें एकच पुस्तक पुरेसें उत्तर आहे.

आतां दुसऱ्या बाजूस पाहूं. मराठींत अश्रद्धेचा पक्ष ज्यांनीं सर्वांत तेजस्वीपणें मांडला ते गोपाळ गणेश आगरकर. १८८८ सालीं 'सुधारक' निघाला आणि १८९५ च्या जूनमध्यें, ३९ वर्षें पुरीं होण्याआधींच, आगरकर वारले. एवढ्याशा अवधींत त्यांनीं मराठी वाचकाला विचार करण्याची जी संवय लाविली तिचें ऋण आमच्यासारख्या श्राद्ध करणाऱ्या माणसानेंही मान्य केलें पाहिजे. 'देवतोत्पत्ति' हा त्यांचा निबंध वाचावा. स्वप्नें, छाया, मृत पूर्वजांची भीति यांतून देवतांची कल्पना कशी वाढत गेली, हें स्पेन्सरच्या आधारानें त्यांनीं इतक्या सफाईनें दाखविलें आहे कीं, वाचतांना पायरीमागून पायरी आपण कधीं उतरलों हें समजतही नाहीं.

पण निबंध मिटल्यावर एक प्रश्न उरतो. देवता रानटी मनुष्याच्या मनांत कशा शिरल्या हें समजलें. आगरकरांच्या मनांतून देव केव्हां आणि कसा निघून गेला, हें कोठें आहे? टेंभूसारख्या खेड्यांतील गरीब ब्राह्मणाचा हा मुलगा. त्याच्याही कानावर स्तोत्रें पडलीं असतील, त्यानेंही संध्या केली असेल. तें सुटलें तें एका रात्रींत कीं हळूहळू? सुटतांना दुःख झालें कीं सुटल्यासारखें वाटलें? आईला काय वाटेल याचा विचार मनांत आला कीं नाहीं? आगरकरांना कथा सांगतां येत नव्हती असें मुळींच नाहीं; डोंगरीच्या तुरुंगांत काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत त्यांनीं १८८२ सालीं लिहिली, आणि ती आजही गोडीनें वाचवते. परंतु आमच्या वाचनांत आलेल्या त्यांच्या लेखनांत अश्रद्धेची कथा नाहीं. तेथें केवळ प्रमाण आहे.

मिल्ल आणि स्पेन्सर वाचले म्हणून आगरकर तसे झाले, हें सर्वतोमुखीं असलेलें उत्तर टिकत नाहीं. मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांपैकीं एक असलेल्या न्यायमूर्ति रानड्यांनीं इंग्रजी तत्त्वज्ञान कांहीं कमी वाचलें नव्हतें. तेही सुधारक, तेही मूर्तिपूजेपासून दूर गेलेले. पण ते गेले प्रार्थनासमाजांत, आणि पहांटे तुकोबांचे अभंग गाण्याचा त्यांचा परिपाठ रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत भक्तिभावानें नोंदविला आहे. पुणें तेंच, काळ बहुतेक तोच, ग्रंथांचें कपाटही जवळपास तेंच. परिणाम मात्र दोन. तेव्हां पुस्तक हें कारण असेल तर अपुरें कारण आहे.

खुद्द मिल्लचेंच पाहा. त्याचें आत्मचरित्र १८७३ सालीं त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झालें. त्यांत तो प्रांजळपणें सांगतो कीं, आपण धर्मश्रद्धा टाकली नाहीं. आपल्याला ती कधीं नव्हतीच. बापानें तिच्यावांचूनच वाढविलें. म्हणजे ज्याचें नांव घेऊन आमचे सुधारक वडिलोपार्जित श्रद्धेवर प्रहार करीत, त्याची अश्रद्धा वडिलोपार्जितच होती! आणि त्या बापाची? जेम्स मिल्ल धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकलेला. इतकें दुःख आणि इतका अन्याय असलेलें जग एका सर्वशक्तिमान् व परमदयाळु कर्त्यानें निर्माण केलें, हें त्याच्या मनाला पटेना. त्याच्या अश्रद्धेचें मूळ तर्कांत थोडें आणि नीतींत फार, असें त्याचा मुलगा सांगतो. ज्याला आपण शुष्क तार्किक समजतों त्याच्या पोटांत हा नैतिक संताप होता.

आणखी एक साम्य मनांत भरतें. मिल्ललाही १८२६ च्या सुमारास कोसंबींसारखाच घोर विषाद आला. सर्व हेतु सफल झाले तरी आपल्याला आनंद होणार नाहीं, असें त्याला वाटूं लागलें. त्या विषादांतून त्याला बाहेर काढलें तें मार्मोंतेलच्या आठवणींनीं आणि पुढें वर्ड्‌स्वर्थच्या काव्यानें. तो देवाकडे वळला नाहीं. संकट आलें कीं देव आठवतो, असें म्हणणाऱ्यांनीं हें पान वाचावें. आणि संकटांत मनुष्य दुबळा होऊन धर्माच्या आहारीं जातो असें म्हणणाऱ्यांनीं तुकोबांकडे पाहावें. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांची पहिली बायको व मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि त्या दुःखांतून निघाला तो दुबळा मनुष्य नव्हता.

या सर्व वाचनांतून आम्हांस जें दिसलें तें असें. श्रद्धावान् लेखक कथा सांगतो; अश्रद्ध लेखक प्रमाण सांगतो. श्रद्धावानाला वाटतें, माझ्यावर जें गुदरलें तेंच पुरेसें बोलकें आहे. आणि त्या कथेच्या आड तो आपल्या मताची परीक्षा चुकवितो. अश्रद्धाला वाटतें, माझें मत केवळ बुद्धीचें आहे, त्याला चरित्र कशाला. आणि त्या प्रमाणाच्या आड तो आपली कथा लपवितो. वाङ्मयाच्या दृष्टीनें यांत दोघांचेंही नुकसान आहे. कथेवांचून प्रमाण कोरडें वाटतें, म्हणून आगरकरांचे निबंध वाचून जितके लोक निरुत्तर झाले तितके आगरकरांचे झाले नाहींत. आणि प्रमाणावांचून कथा ज्याच्या त्याच्या पुरती राहते; 'निवेदन' वाचून डोळे पाणावतात, परंतु पुनर्जन्म खरा कीं खोटा हें आपण लेखकास विचारीत नाहीं आणि लेखकही सांगण्याच्या भरीस पडत नाहीं. इंग्रजींत ही उणीव कांहीं अंशीं भरून निघाली आहे. एड्मंड गॉस यानें १९०७ सालीं 'फादर अँड सन' लिहून, कडव्या श्रद्धेच्या घरांतून एक मुलगा कसा बाहेर पडला आणि पडतांना बापावर प्रेम कसें करीत राहिला, हें दाखविलें. त्या तोलाची अश्रद्धेची कथा आमच्या भाषेंत विपुल व्हावी, असें आम्हांस, स्वतः श्राद्ध करीत असूनही, मनापासून वाटतें.

कथा आणि प्रमाण हीं एकाच आयुष्यांत एकत्र कशीं नांदतात, याचें एक थोर उदाहरण आपल्याकडे आहे. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उतरले, तेव्हां कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांना भेट दिलें. १९३५ सालीं येवल्यास त्यांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. भेटीचें पुस्तक आणि दीक्षा यांत ४९ वर्षांचें अंतर आहे. घोषणा आणि दीक्षा यांत २१ वर्षांचें. या अवधींत त्यांनीं निरनिराळे धर्म पारखले, ग्रंथ धुंडाळले, आणि बौद्ध धर्मांतीलही जें पटलें नाहीं तें स्पष्टपणें बाजूस ठेविलें. पुस्तकाची भेट ही कथा. एकवीस वर्षांची पारख हें प्रमाण. अपमानामुळें धर्म सोडला, एवढेंच जे म्हणतात ते अर्धी गोष्ट सांगतात. अपमान लाखोंना सोसावा लागला. त्या अपमानाला इतक्या दीर्घ विचाराची जोड देणारा पुरुष एखादाच.

अलीकडे या प्रश्नास शास्त्राची जोड मिळाली आहे, तिचाही परामर्श घेतला पाहिजे. पास्कल बॉयर, जस्टिन बॅरेट प्रभृति संशोधकांचें म्हणणें असें कीं, पान हाललें तर तेथें कोणी तरी आहे असें समजण्याकडे मनुष्याच्या मनाची स्वाभाविक ओढ आहे. वारा समजून वाघाच्या तोंडीं पडण्यापेक्षां वाऱ्याला वाघ समजून पळणें शहाणपणाचें. आणि अदृश्य शक्तींची कल्पना या ओढीवर पोसली जाते. नॉरिस व इंगलहार्ट यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, जेथें आजार, म्हातारपण, बेकारी यांची धास्ती कमी, त्या समाजांत धार्मिकता ओसरत जाते. आम्हांस सर्वांत मार्मिक वाटला तो जोसेफ हेन्रिक यांनीं २००९ सालीं मांडलेला विचार: मनुष्य दुसऱ्याची श्रद्धा उचलतो ती त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्या श्रद्धेपायीं तो काय खर्च करतो, काय सोसतो, हें पाहून. तोंडानें देव देव करणाऱ्या घरांतून श्रद्धा पुढच्या पिढींत जात नाहीं. देवासाठीं कांहीं सोसणाऱ्या घरांतून ती जाते. आमच्या वाङ्मयाच्या वाचकाला हें नवीन नाहीं. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून शिक्षकाचा पेशा पत्करणारे आगरकर समोर होते, म्हणूनच त्यांच्या प्रमाणांना वजन आलें. अश्रद्धेलाही तोच नियम लागू आहे.

परंतु एवढ्यावरून एक उडी घेण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. श्रद्धेचें कारण सांपडलें म्हणजे श्रद्धा खोटी ठरली, असें होत नाहीं; आणि अश्रद्धेचें कारण सांपडलें म्हणजे तीही खोटी ठरत नाहीं. विहीर कोणीं खणली आणि कोणत्या हेतूनें खणली, यावरून पाणी गोडें कीं मचूळ हें ठरत नसतें; तें चाखावें लागतें. गणिती रामानुजन् म्हणत कीं, आपलीं सूत्रें आपल्याला नामगिरी देवी देते. केंब्रिजच्या गणितज्ञांनीं तीं सूत्रें देवीनें दिलीं म्हणून स्वीकारलीं नाहींत, आणि देवीनें दिलीं म्हणून फेंकूनही दिलीं नाहींत. त्यांनीं सिद्धता मागितली. जीं सिद्ध झालीं तीं राहिलीं, जीं चुकलीं तीं गेलीं. मताच्या उगमाची चौकशी आणि मताच्या सत्यतेची परीक्षा हीं दोन स्वतंत्र कामें आहेत. पहिल्यानें मनुष्य समजतो, दुसऱ्यानें मत ठरतें. आपण बहुधा पहिलें काम दुसऱ्याचें करतों आणि दुसरें काम कोणाचेंच करीत नाहीं.

हा केवळ तर्कशास्त्राचा काथ्याकूट आहे असें कोणी समजूं नये. ज्याचें मत आपल्याला रोग वाटतो त्या माणसाशीं बोलण्याची गरज उरत नाहीं. त्याला एकतर बरा करावयाचा, नाहींतर गांवाबाहेर काढावयाचा. पुण्याच्या सनातन्यांनीं आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असतांना काढली. त्याच पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं अंधश्रद्धांविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. या दोन घटनांत सव्वाशें वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अंतरांत आपण वर चढलों नाहीं, खालीं उतरलों. उलट बाजूसही, देव मानणारा तेवढा मूर्ख, असें मानणाऱ्या सुशिक्षितांची तोंडें आपण रोज पाहतों. त्यांच्या हातीं शस्त्र नाहीं हें खरें, पण ऐकण्यासाठीं कानही नाहींत.

याच्या उलट चित्र कोसंबींच्या घरांत दिसतें. बाप बुद्धाच्या शोधांत सिंहलद्वीपास गेला. मुलगा दामोदर गणितज्ञ झाला आणि मार्क्सची दृष्टि घेऊन त्यानें प्राचीन भारताचा इतिहास लिहिला. १९४७ च्या जूनमध्यें धर्मानंदांनीं सेवाग्रामास अन्नत्याग करून शांतपणें देह ठेविला. बापलेकांचे मार्ग निराळे. पण सत्य शोधण्यासाठीं स्वतः चालावें लागतें, हा एक संस्कार दोघांत समान होता. मत वारशानें गेलें नाहीं, शोध गेला.

आतां आमच्या घरच्या प्रसंगाचा शेवट सांगून हा लेख पुरा करूं. वरील पुस्तकें वाचून झाल्यावर एके संध्याकाळीं आम्हीं चिरंजीवास निराळाच प्रश्न केला. तूं देव कां मानीत नाहींस, असें विचारलें नाहीं. केव्हांपासून मानीनासा झालास, असें विचारलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, आजोबांच्या शेवटच्या आजारांत." त्या आजारांत रात्रीचें जागरण आम्ही दोघे पाळीपाळीनें करीत होतों. वडिलांना वेदना फार होत; शुद्ध असे तोंपर्यंत ते विष्णुसहस्रनाम पुटपुटत. "साठ वर्षें ज्यांनीं रोज त्याचें नांव घेतलें, त्यांना असें तळमळतांना मी पाहत होतों. मला त्याचा राग आला. पुष्कळ दिवस राग होता. मग एकदां वाटलें, आपण रागावतों आहों तें कोणावर? तेथें कोणी नाहींच."

आम्ही ऐकत होतों आणि जेम्स मिल्ल आठवत होता. आमच्या मुलानें तो वाचलेला नाहीं. आम्हांस त्याला सांगावेंसें वाटलें तें हें कीं, त्याच खोलींत, त्याच पुटपुटण्यानें, आमच्या पाळीच्या रात्रीं आमच्या मनांत उलट विचार आला होता: ज्याच्या आधारानें हा मनुष्य इतकें सोसतो आहे तें अगदींच पोकळ नसावें. तें आम्हीं सांगितलें. खोली एक, खाट एक, मनुष्य एक. दोन रात्रीं दोघांनीं पाहिलेलें मात्र निराळें. त्याच्या शिक्षणास आणि आमच्या लोकलज्जेस यांत कोठें जागा होती?

वर्षश्राद्धास तो बसला नव्हता, हें वर सांगितलेंच आहे. परंतु त्या दिवशीं आलेल्या मंडळींना पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानेंच वाढलें होतें, हें आम्हांस त्या संध्याकाळीं प्रथम आठवलें. त्याचें मत बदललें नाहीं, आमचेंही नाहीं. मात्र हिशेबांत एक बाकी उरली आहे. त्यानें आपली कथा सांगितली आणि प्रमाणही सांगितलें: दुःख इतकें, तर दयाळु कर्ता कोठें? आम्हीं कथा तेवढी सांगितली. प्रमाण देणें आहे, आणि त्याच्यापुढें ठेवतां येईल असें तें अद्याप आमच्या हातीं लागलेलें नाहीं.